हुशार, हळव्या मुलीचे पोट शाळेच्याच दिवशी का दुखते?

प्रश्न (यवतमाळ जिल्ह्यातील एक पालक): पाचवीतील माझी मुलगी गणितात वर्गाच्या पुष्कळ पुढे आहे, मात्र वर्गातील गोंगाटाने आणि इतरांवर उगारलेल्या छडीनेही तिचे पोट दुखू लागते, आणि दिवाळीच्या सुटीत ते दुखणे नाहीसे होते. हे सोंग आहे काय?

उत्तर १: नाही. ताणामुळे आतड्यांची हालचाल बदलते, त्यामुळे वेदना खरी असू शकते. तरीही आधी ग्रामीण रुग्णालयात तपासणी करून घ्यावी.

उत्तर २: शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई आहे, हे मुख्याध्यापकांना लेखी कळवावे. "एवढी हुशार, मग रडते कशाला?" हे पारावरचे बोलणे (माझ्याही वाट्याला आले होते) छडीपेक्षा खोल रुतते.

उत्तर ३: नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेची घाई तूर्त नको. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे.