विषय: मदत गटानं मधेच हात काढून घेतला, त्याबद्दल

औशाहून

मंडळी, रामराम.

माझा मुलगा सप्टेंबरला इंग्लंडला एम.एस्सी.साठी जायचाय. तुमच्या विद्यार्थी मदत गटातला एक मुलगा त्याचे कागद बघायलता. परवा एका ओळीचा निरोप आला, "तुमच्या केसमध्ये यापुढे मदत करता येणार नाही." बस्स. लेकरू दोन दिवस धड जेवलं नाही. फोन लावला तर कुणी उचलंना. मुलगा म्हणतो, कर्जमंजुरीच्या पत्रावर त्यांनी बोट ठेवलं. ते पत्र पुण्याच्या एजंटानं करून दिलंय. आम्हाला त्यातलं काय कळतंय? सोयाबीन विकून फीचा पहिला हप्ता भरलाय. मदत करायची नव्हती तर आधी सांगायचं होतं. आमचं काय चुकलं ते तरी कळू द्या.

लेस्टरहून

काका, नमस्कार. मी मूळची परभणीची. इथं एका विद्यापीठाच्या विद्यार्थी संघटनेच्या सल्ला केंद्रात नोकरी करते. तुमच्या मुलाची फाइल मी उघडलेली नाही आणि त्याच्या परवानगीशिवाय कुणी उघडूही नये. तुम्ही स्वतः जेवढं लिहिलंत तेवढ्यावरच बोलते.

खोट्या कागदाचा संशय आला आणि विद्यार्थी तोच कागद लावायला निघाला, तर सल्लागारानं थांबायलाच हवं. आमच्या केंद्रातही हाच नियम आहे. ब्रिटनच्या व्हिसा अर्जात फसवणूक केल्याचं ठरलं तर अर्ज फेटाळला जातोच, शिवाय पुढची १० वर्षं प्रवेशबंदी लागू शकते. अशा अर्जाला हातभार लावणं म्हणजे त्या मुलाला खड्ड्यात ढकलणं. म्हणून "नाही" म्हटलं ते बरोबरच होतं.

पण काकांचा प्रश्न वेगळा आहे. कारण का सांगितलं नाही? या प्रश्नावर मी काकांच्या बाजूनं आहे.

आम्ही इथं कोणकोणत्या वेळी मदत नाकारतो ते सांगते, म्हणजे गटातल्या मुलांनाही अंदाज येईल. विद्यार्थी दुसऱ्या विद्यापीठाचा असेल तर व्हिसाबद्दल मी एक शब्द बोलू शकत नाही. १९९९च्या इमिग्रेशन अँड असायलम अॅक्टप्रमाणे पात्रता किंवा सूट नसताना ब्रिटनमध्ये इमिग्रेशनचा सल्ला देणं गुन्हा आहे, मग फुकट का देईना. विद्यापीठांना आणि विद्यार्थी संघटनांना सूट आहे, ती आपापल्या विद्यार्थ्यांपुरती. त्यामुळं आपल्या या मेल यादीवर कुणी "ताई, माझा व्हिसा वाढेल का?" असं विचारलं की मी गप्प बसते. त्याला अनास्था समजू नका. अशा वेळी त्याच्याच विद्यापीठाचा इंटरनॅशनल स्टुडंट्स विभाग किंवा इमिग्रेशन अॅडव्हाइस अथॉरिटीकडं, म्हणजे अशा सल्लागारांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडं, नोंदणी असलेला सल्लागार, एवढंच मी सुचवू शकते.

दुसरं कारण आपल्या माणसांत फार येतं. एकाच घरात राहणारी दोन मुलं, एक नांदेडचा, एक हिंगोलीचा, आणि भांडण डिपॉझिटचं. करार एकाच्या नावावर, दुसऱ्यानं पैसे त्याच्या हातात दिलेले, घरमालकानं ते नियमाप्रमाणे ३० दिवसांत सरकारमान्य डिपॉझिट संरक्षण योजनेत टाकलेच नाहीत. दोघंही मला "ताई" म्हणत येतात. पहिल्याची बाजू ऐकून झाली की दुसऱ्याची फाइल मी घ्यायची नाही. त्याला सहकाऱ्याकडं किंवा बाहेरच्या केंद्राकडं पाठवायचं. पहिल्यानं काय सांगितलं ते दुसऱ्याला कळता कामा नये, तो कुणाचा भाचा लागत असला तरी.

शिवीगाळ आणि धमकी हे तिसरं. असाइनमेंट किंवा अपिलाचं पत्र आम्हीच लिहून द्यावं हा हट्ट चौथं. मसुदा वाचून देऊ, खुणा करून देऊ, लिहायचं त्यानंच.

केस कमजोर आहे, हे मात्र नाकारायचं कारण होऊ शकत नाही. चान्स कमी आहेत असं तोंडावर सांगावं आणि तरी सोबत राहावं. इंग्रजी तोडकंमोडकं आहे, एकच गोष्ट पाचदा विचारतो, बाप गावाकडून रोज फोन करतो, घाबरून आवाज चढवतो, यातलंही काही कारण नाही. घाबरलेला माणूस आणि धमकावणारा माणूस यांतला फरक सल्लागाराला ओळखता आलाच पाहिजे.

नांदेडहून

ताईंचं म्हणणं पटतं, पण आम्ही पगारी नाही. दिवसभर नोकरी, रात्री नऊनंतर हे काम. एका विद्यार्थिनीनं मागच्या वर्षी रात्री दीडला फोन करून आमच्यातल्या एका पोरीला नको नको ते ऐकवलं. दुसऱ्या दिवशी त्या विद्यार्थिनीची कॉपीच्या आरोपावरची सुनावणी होती. पोरीनं नंबर ब्लॉक केला. आता तिनं काय करायला हवं होतं? त्या बयेला सविस्तर पत्र लिहायचं? मोफत काम करणाऱ्याला "बास" म्हणायचा हक्क नसेल तर उद्या या गटात कुणी टिकणार नाही.

लेस्टरहून

भाऊ, बास म्हणायचा हक्क तिला पूर्ण आहे. त्या पोरीनं तो फोन पुन्हा घ्यावा असं मी कधीच म्हणणार नाही. माझं म्हणणं गटाला आहे. तिच्याकडून फाइल काढून त्याच सकाळी दुसऱ्या कुणाकडं द्यायला हवी होती आणि त्या विद्यार्थिनीला गटाच्या पत्त्यावरून चार ओळी जायला हव्या होत्या: फोन बंद, यापुढं फक्त मेलवर बोलायचं, आजच्या सुनावणीत संघटनेचा सल्लागार सोबत नेता येतो का ते विभागाला आत्ता विचार. सुनावणीच्या आदल्या रात्री मदत सोडणं म्हणजे विहिरीत उतरलेल्या माणसाचा दोर वरून सोडणं.

इथं सगळ्याला मुदती आहेत, म्हणून मी एवढं तोडून बोलते. परीक्षेच्या निकालावर किंवा शिक्षेवर अपिलाला बहुतेक विद्यापीठं थोडेच दिवस देतात. विद्यापीठातले सगळे दरवाजे संपले की "कम्प्लिशन ऑफ प्रोसीजर्स"चं पत्र मिळतं. त्या तारखेपासून १२ महिन्यांत ऑफिस ऑफ द इंडिपेंडंट अॅडज्युडिकेटर या विद्यार्थ्यांच्या तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडं तक्रार नेता येते, फी लागत नाही. हे इंग्लंड आणि वेल्सपुरतं. तिथंही गुण बरोबर की चूक हा प्राध्यापकांचा निर्णय कुणी बदलत नाही, प्रक्रिया नीट झाली का तेवढं बघतात. कोर्स सुटला तर व्हिसाची मुदत कापली जाते आणि देश सोडायला बहुधा ६० दिवस उरतात. अशा माणसाला आपण "यापुढे मदत नाही" एवढंच कळवलं, तर पुढची तारीख कोणती हेसुद्धा त्याला ठाऊक नसतं. सल्लागारच त्याचं कॅलेंडर सांभाळत होता ना!

म्हणून थांबताना कारण लेखी, पुढची मुदत लेखी, कुठं जाता येईल तेही लेखी. त्याचे कागद त्याला परत आणि आपल्या फोनवरच्या प्रती पुसायच्या. निर्णय एकट्यानं घ्यायचा नाही, आणि पटला नाही तर कुणाकडं दाद मागायची तेही सांगायचं. विद्यार्थ्यानं विश्वासानं सांगितलेली गोष्ट मदत थांबल्यावरही बाहेर न्यायची नाही. विद्यापीठाला कळवीन, एजंटाला सांगीन, अशी भाषा तर अजिबात नको. कुणाच्या जिवाला धोका असेल तर वेगळं.

अंबाजोगाईहून

मी बँकेतून निवृत्त झालोय, आयुष्य कर्जविभागात गेलं. औशाच्या पाटलांना थोडं सांगतो.

एजंटांची बनावट मंजुरीपत्रं मी पाहिलीत. एका पत्रावरची तारीख रविवारची होती. शिक्का शाखेचा, सही मात्र जिची बदली होऊन वर्ष उलटलं त्या अधिकाऱ्याची. बाईंची सही कशी येते ते मला ठाऊक होतं, ही सही कुणीतरी बघून बघून गिरवलेली, शेवटचा फाटा थरथरलेला. मुलाच्या वडिलांना यातलं काहीच माहीत नव्हतं. तुमचं पत्र तसंच असेल असं मी म्हणत नाही. ते घेऊन शाखेत जा आणि विचारा, हे तुमच्या नोंदीत आहे का? दहा मिनिटांचं काम आहे. अर्ज अजून गेला नसेल तर काहीच बिघडलेलं नाही.

खरा मार्ग अवघड आहे, पण बंद नाही. व्हिसासाठी फीशिवाय राहण्याचा खर्चही दाखवायचा असतो, ११ नोव्हेंबर २०२५पासून लंडनबाहेर महिना १,१७१ पौंड आणि लंडनमध्ये १,५२९ पौंड, जास्तीत जास्त ९ महिन्यांचा. खात्यातले पैसे सलग २८ दिवस राहिलेले हवेत, एक दिवसही शिल्लक खाली गेली तर मोजणी पहिल्यापासून. बापाच्या खात्यातले चालतात, सोबत मुलाचा जन्मदाखला आणि तुमचं संमतीपत्र. सातबारा, शेताचं मूल्यांकन, सोनं यांचा इथं उपयोग नाही. आपल्याकडं लोक ते मोठ्या आशेनं फाइलला लावतात. पतसंस्थेतल्या ठेवीवरही विसंबू नका. बँकेचं खरं शैक्षणिक कर्ज मुलाच्या नावावर मंजूर झालं तर तेही दाखवता येतं.

छत्रपती संभाजीनगरहून, मदत गटाच्या वतीनं

काका, तुमच्या मुलाला कारणासकट पत्र आज मेलवर गेलंय. त्यात आम्ही का थांबलो, कोणता कागद काढून टाकल्यास पुन्हा सुरू करू आणि विद्यापीठानं दिलेली शेवटची तारीख, तिन्ही लिहिलंय. पत्र त्याच्या नावानं आहे, त्यानं दाखवलं तर तुम्ही वाचा. निर्णय पटला नाही तर गटातल्या ज्या दोघांनी ही फाइल पाहिलेली नाही ते पुन्हा विचार करतील.

नांदेडचा मुद्दाही धरलाय. रात्री नऊ ते अकरा सोडून फोन नाही, आणि शिवीगाळ झाली की फाइल त्याच दिवशी दुसऱ्याकडं. सुनावणी किंवा मुदत सात दिवसांच्या आत असेल तर दुसरा माणूस मिळेपर्यंत गट मेलवर उत्तर देत राहील.

व्हिसाचे प्रश्न ब्रिटनमधल्या सभासदांना यादीवर विचारू नयेत, ही सगळ्यांना विनंती.

औशाहून

साहेब, पत्र पोचलं. मुलानं वाचून दाखवलं. सोमवारी शाखेत जाऊन येतो. अंबाजोगाईच्या साहेबांचा फोन नंबर मुलाला मिळाला तर बरं होईल, कर्जाच्या अर्जाला काय काय लागतं ते त्यांनाच विचारावं म्हणतो.