छोट्या कॅफेने पेस्ट्री स्वतः करावी का?

सावकाश: घराजवळच्या छोट्या कॅफेने सँडविच आणि पेस्ट्री दोन्ही स्वतःच्याच स्वयंपाकघरात कराव्यात, असे माझे ठाम मत आहे. सकाळी भरून थंड कपाटात रचून ठेवलेले सँडविच दुपारी घशाखाली उतरत नाही, याचे कारण साधे आहे: फ्रिजच्या तापमानाला पावातील स्टार्च बाहेरच्यापेक्षा अधिक वेगाने पुन्हा स्फटिकरूप घेतो, त्यामुळे पाव लवकर शिळा लागतो, आणि टोमॅटो-काकडीचे पाणी झिरपून तो आतून ओलाही होतो. पावाला कडेपर्यंत लोणी लावून, मागणीनंतरच सँडविच भरले, तर हे दोन्ही दोष टळतात. पेस्ट्रीलाही हाच न्याय लावावा.

थरावर थर: सँडविचपुरते मान्य, पेस्ट्रीबाबत मात्र आपण कष्टांचा हिशेब केलेला दिसत नाही. क्रोसाँसाठी, म्हणजे पापुद्र्यांच्या चंद्रकोरी पेस्ट्रीसाठी, पिठात लोणी गुंडाळून तीन वेळा तीनपदरी घडी घातली, की लोण्याचे 27 थर होतात. लोणी वितळते साधारण 32 ते 35 अंश सेल्सिअसला, पण त्याच्या बरेच आधी ते इतके मऊ पडते की थर एकमेकांत मिसळतात. म्हणून प्रत्येक घडीनंतर पीठ थंडाव्यात विसावू द्यावे लागते. भट्टी पेटलेल्या चिंचोळ्या स्वयंपाकघरात दोन माणसांनी हे रोज करावे, ही अपेक्षा ग्राहकाच्या खुर्चीत बसूनच सुचते. चांगले गोठवलेले पीठ आणून पहाटे ताजे भाजणे यात मला काहीही गैर वाटत नाही. खुसखुशीतपणा आणि वास शेवटी भट्टीतच येतो.

सावकाश: मग क्रोसाँ ठेवूच नये. मफिन, स्कोन आणि फळांचा टार्ट यांना असली कसरत लागत नाही. यादी आखूड असली, तरी कॅफेचे काही बिघडत नाही.

काटेकोर: दोघांच्याही वादात सुरक्षिततेचा विचार राहून गेला आहे. कच्च्या अंड्याच्या घरगुती मेयोनीजमध्ये साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जीवाणूचा धोका असतो, आणि शिजवलेले अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा अधिक काळ ठेवू नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. त्यामुळे कस्टर्डची पेस्ट्री शोभेसाठी काउंटरवर मांडणाऱ्या कॅफेपेक्षा मला ते कुरूप थंड कपाट परवडते.

सावकाश: सारण पाच अंशांखाली आणि पाव बाहेर ठेवावा, म्हणजे आपली हरकत राहत नाही. मेयोनीजसाठी पाश्चराइज केलेली, म्हणजे सौम्य उष्णता देऊन जंतू मारलेली, अंडी वापरता येतात.

थरावर थर: सकाळच्या गर्दीत प्रत्येक सँडविच मागणीनंतर भरायचे, तर रांग दाराबाहेर जाईल. कामावर निघालेल्या माणसाला थोडा कमी ताजा, पण तयार खाऊ हवा असतो, आणि बहुतेक छोट्या कॅफेंचा गल्ला याच माणसावर चालतो.

सावकाश: त्याच्यासाठी मफिन आहेच. सँडविचसाठी मात्र त्याने थांबावे.