पोहणं एका लांबीचं आणि करायचाय स्कूबाचा ओपन वॉटर कोर्स: तीन महिन्यांत तयारी होईल का?

धंतोली_लेन३
वय ३६, मुक्काम नागपूर. ब्रेस्टस्ट्रोकने २५ मीटरची एक लांबी जाते, मग धाप लागते आणि भिंत धरावी लागते. खोल बाजूला उभ्याने तरंगता येत नाही. चष्मा उणे ३.५. दिवाळीनंतर मालवणला स्कूबा डायव्हिंगचा ओपन वॉटर कोर्स करायचा आहे. पोहण्याची परीक्षा नेमकी काय असते? लाइफ जॅकेट चालतं का? आणि नागपुरात राहून किती तयारी होऊ शकते?

फिन्स_नि_फुफ्फुस
ताई, पाडी (PADI, डायव्हिंग शिकवणारी संस्था) च्या कोर्सला २०० मीटर न थांबता पोहायचं असतं. स्ट्रोक कुठलाही, वेळेचं बंधन नाही. त्याऐवजी मास्क, फिन्स (पायातले पंख) आणि स्नॉर्केल (श्वासाची नळी) लावून ३०० मीटरचाही पर्याय आहे. शिवाय कशाचाही आधार न घेता १० मिनिटं तरंगून दाखवावं लागतं. लाइफ जॅकेट चालत नाही. २०० मीटर म्हणजे तुमच्या पूलच्या ८ लांब्या.

एका लांबीत धाप लागते ती हातापायांत जोर नाही म्हणून नव्हे. बहुतेक जण तोंड पाण्यात असताना श्वास रोखतात आणि डोकं वर आल्यावर आधी सोडतात, मग घेतात. तेवढ्या क्षणात दोन्ही नीट होत नाही. कार्बन डायऑक्साइड साचत जातो आणि छाती भरून येते. म्हणून तोंड पाण्यात गेलं की लगेच नाकातोंडातून बुडबुडे सुरू करा, वर आल्यावर फक्त घ्या.

छातीएवढ्या पाण्यात भिंत धरून अशा २० डुबक्या, रोज. मग २५ मीटर अगदी सावकाश: लाथ मारली की शरीर लांब करून मनात ‘एक, दोन’ म्हणेपर्यंत नुसतं घसरायचं. घाईने हात मारले की हेच बिघडतं. अशा ८ लांब्या, मधे ३० सेकंद थांबून. दर आठवड्याला थांबणं ५ सेकंदांनी कमी करा. नंतर ५० मीटर एका दमात, मग १००. आठवड्यातून चार दिवस, ४५ मिनिटं दिली तर आठ ते दहा आठवड्यांत २०० मीटर व्हायला हरकत नाही. त्याला दहा मिनिटं लागली तरी पुरे.

तरंगण्यासाठी आधी उताणं शिका. कान पाण्यात, हनुवटी वर, कंबर वाकवायची नाही, छाती भरलेली. पाय बुडत असतील तर हात डोक्यामागे ताणा, तोल वर सरकतो. पूलचं पाणी गोडं असल्यामुळे इथे जास्त अवघड जातं. समुद्राचं पाणी साधारण अडीच टक्के जड असतं, तिथे तुम्ही आपोआप वर राहाल.

सराव पूलमध्येच, लाइफगार्ड असताना. अंबाझरी, फुटाळा तलावात किंवा गिट्टीच्या जुन्या खाणीत अजिबात नको. तळाला गाळ आणि वेली असतात, पाय अडकला तर सोडवायला कुणी नसतं.

काचेपलीकडे
चष्म्याचं सोपं आहे. नंबरच्या काचा बसवलेला मास्क मिळतो, पण कोर्सआधी मागवून ठेवा. सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्सही चालतात, मात्र मास्कमध्ये पाणी घेताना डोळे मिटायचे. पोहण्याचा गॉगल डायव्हिंगला चालत नाही, त्यात नाक बाहेर राहतं आणि आतला दाब सारखा करता येत नाही.

धंतोली_लेन३
मनापासून आभार. पण मालवणला पोहता न येणाऱ्यांनाही खाली नेतात ना? मग कोर्सलाच ही अट का?

दहा_मीटर_खाली
तो ट्रायल डाइव्ह. त्यात डायव्हिंगच्या जॅकेटमधली (लाइफ जॅकेट नव्हे) हवा इन्स्ट्रक्टर सांभाळतो, तो तुम्हाला धरून नेतो आणि खोलीची मर्यादा १२ मीटर असते. कोर्सचं कार्ड म्हणजे इन्स्ट्रक्टर नसताना, जोडीदाराबरोबर १८ मीटरपर्यंत जायची मुभा. वर आल्यावर होडी दूर असेल, प्रवाह उलटा असेल, तेव्हा पोहणं आणि शांत तरंगणंच कामी येतं.

एक मात्र सांगतो: २०० मीटर आरामात पोहणारेही मास्क काढायच्या सरावाला अडतात. नाकाला पाणी लागलं की नाकाने श्वास ओढला जातो, ठसका लागतो आणि माणूस थेट वर पळतो. यावरचा सराव घरी होतो. बादलीत पाणी घ्या, तोंडात स्नॉर्केल, मास्क नाही, चेहरा बुडवून फक्त तोंडाने श्वास. जवळ कुणाला तरी उभं करा. आधी ३० सेकंद, मग वाढवत २ मिनिटं. मास्कमधलं पाणी काढताना वरची कड कपाळाशी दाबायची, जरा वर बघायचं आणि नाकाने सावकाश फुंकायचं. पाणी खालून निघून जातं.

कानाचं तितकंच महत्त्वाचं. पहिल्या १० मीटरमध्येच दाब दुप्पट होतो, म्हणून नाक चिमटीत धरून हलकं फुंकणं पृष्ठभागापासूनच सुरू करा, दर अर्ध्या-एक मीटरला. दुखायची वाट पाहायची नाही. दुखलंच तर थोडं वर या, जोर लावू नका, पडदा फाटू शकतो. सर्दी असेल तर डाइव्ह रद्द.

पोहणाऱ्यांची आणखी एक सवय मोडावी लागते: श्वास रोखणं. १० मीटरवर घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट फुगते, रोखली तर फुप्फुसाला इजा होते.

काचेपलीकडे
जायच्या आधी कोर्सचा वैद्यकीय फॉर्म मागवून वाचा. दमा, फिट्स, कानाची शस्त्रक्रिया, हृदयाचा त्रास, यांपैकी कशालाही ‘होय’ असेल तर डॉक्टरची सही नागपूरहूनच घेऊन जा, नाहीतर तिथे पहिला दिवस त्यातच जाईल. थिअरी घरी ऑनलाइन होते. समुद्रातले चार डाइव्ह किमान दोन दिवसांत होतात. पावसाळ्यानंतर लगेच पाणी गढूळ असतं, डिसेंबर-जानेवारी बरा.

परतीचंही ठरवून ठेवा. अनेक डाइव्हनंतर विमानाआधी किमान १८ तास थांबायचं असतं. गाडीने येणार असाल तर आंबोलीचा घाट सुमारे ६९० मीटरवर जातो, त्यालाही हाच नियम लावा. शेवटच्या डाइव्हनंतर ती रात्र मालवणलाच काढा आणि दुसऱ्या दिवशी १८ तास भरल्यावरच निघा.