मदत हवी आहे: लेकीचा पाचवा वाढदिवस, 5000 रुपयांत

नमस्कार मंडळी. आम्ही डोंबिवलीत राहतो. पुढच्या रविवारी लेकीला पाच वर्षं पूर्ण होतील. सोसायटीतली आणि बालवाडीतली मिळून 18 मुलं येणार आहेत. गेल्या वर्षी हॉल, सजावट, डीजे सगळं केलं, 22 हजार गेले. आणि ही त्या आवाजाला घाबरून सगळा वेळ माझ्या खांद्यात तोंड खुपसून होती. फोटोत नुसती पाठ दिसते. म्हणून यंदा घरीच करायचं.

सासूबाई औक्षण करतील, पावभाजी मी करेन. सोबत सात-आठ आया येतील, तर 70 पाव पुरतील का? केक एक किलोचाच आणावा म्हणते, मुलं निम्मा ताटलीत टाकतात.

खरी अडचण खेळांची आहे. दिवाणखाना लहान. तळ्यात-मळ्यात आणि संगीत खुर्ची ठरलंय, पण दोन तास कसे रमवायचे? बसून खेळायचं काही सुचवा ना. एक मुलगा फारच लाजरा आहे, तोही खेळेल असं हवं.

रिटर्न गिफ्ट प्रत्येकी 50 रुपयांत. छोट्या कुंडीत झेंडूचं रोप द्यावं का? कुणी दिलंय?