मदत हवी आहे: रायनेकला मराठी शब्द (तातडीने)

दौतलेखणी: इंग्रजी 'रायनेक'ला मराठीत काय म्हणतात? कोशात 'मानमोडी' मिळालं, तेच टाकलं. संपादकांनी लाल रेघ मारून परत पाठवलं, कारण नाही. आज रात्री मजकूर द्यायचाय. फक्त शब्द सांगा.

पाणकावळा: मानमोडी बरोबर आहे. सुतारपक्ष्यांच्या कुळातला, पण स्वतः ढोली कोरत नाही, आयती शोधतो. जमिनीवर मुंग्या टिपतो. आपल्याकडे हिवाळी पाहुणा. ढोलीत डिवचला की मान सापासारखी पिळून फुत्कारतो, म्हणून हे नाव. संपादकांना पक्षिकोश दाखवा.

तिरपीरेघ: थांबा. पक्षी की दुखणं? वाक्य द्या.

दौतलेखणी: दुखणंच हो! दोन महिन्यांचं बाळ, डावीकडचा रायनेक. पालकांसाठी पत्रक आहे.

तिरपीरेघ: हे आधी सांगायचं ना! इंग्रजीत पक्षी आणि वाकडी मान यांना एक शब्द. मराठीत पक्षी आणि १९१८ची इन्फ्लुएंझाची साथ यांना एक, 'मानमोडी'. पालक घाबरतील. 'जन्मजात तिरकी मान' लिहा. पुढचं वर्णनही तपासा. कानामागच्या हाडापासून छातीच्या मधल्या हाडाकडे नि हासळीकडे उतरणारा स्नायू डावीकडे आखडला, तर डोकं डावीकडे कलतं, पण हनुवटी उजवीकडे वळते. इथेच भाषांतरं घसरतात.

मात्रावळसा: आयुर्वेदातला 'मन्यास्तंभ' असताना नवे शब्द कशाला?

तिरपीरेघ: स्तंभ म्हणजे ताठरणं. इथे मान कललेली आहे. 'मान धरली'ही नको, ती रात्रीत धरते नि चार दिवसांत सुटते.

आजीचाबटवा: मोहरीची उशी द्या, मान सरळ होते.

तिरपीरेघ: ती डोक्याच्या आकारासाठी वापरतात. आखडलेला स्नायू त्याने सुटत नाही. शिवाय तान्ह्या बाळाला झोपताना उशी नकोच.

खुराडं: मानमोडी म्हणजे कोंबड्यांचा राणीखेत रोग. पहिल्या आठवड्यात लासोटा लस, डोळ्यात किंवा नाकात थेंब. सहा ते आठ आठवड्यांनी आर टू बी लस टोचायची. लस पाण्यातून देणार असाल तर क्लोरिनचं पाणी नको, लस वाया जाते.

दौतलेखणी: कोंबड्या नाहीत हो!!

गल्लीबोळ: अवांतर: जर्मनमध्ये या पक्ष्याला वेंडेहाल्स म्हणतात. १९८९ला पूर्व जर्मनीत राजवट कोसळताना रातोरात टोपी फिरवणाऱ्यांनाही हेच नाव पडलं.

दौतलेखणी: हनुवटी डावीकडेच लिहिली होती, बदलली. पण पत्रकावर पक्ष्याचं चित्र टाकलंय, ते छपाईला गेलंसुद्धा.

पाणकावळा: पाठीवर काळपट उभा पट्टा आहे ना? नसेल तर तो मानमोडी नाही.