७३७ मॅक्स : नुसती आज्ञावली सुधारून भागणार नाही
"सॉफ्टवेअर सुधारले, आता बोइंगच्या ७३७ मॅक्स विमानाबद्दल शंका कशाला?" असे काही जण म्हणतात; हे मत मला अपुरे वाटते. २९ ऑक्टोबर २०१८ आणि १० मार्च २०१९ रोजी झालेल्या मॅक्सच्या दोन अपघातांत ३४६ माणसे गेली. विमानाचे नाक आपोआप खाली दाबणारी एमकॅस यंत्रणा तेव्हा एकाच संवेदकावर (सेन्सरवर) विसंबून होती, आणि पहिल्या अपघातापूर्वी वैमानिकांना तिची नीट माहितीही दिलेली नव्हती; मला हा दुसरा दोष अधिक गंभीर वाटतो. आता ती दोन्ही संवेदकांची तुलना करते, एका प्रसंगी एकदाच चालते, आणि सिम्युलेटरवरचे प्रशिक्षणही सक्तीचे झाले आहे. भारताच्या विमान वाहतूक नियामकाने, म्हणजे डीजीसीएने, ऑगस्ट २०२१ मध्ये मॅक्सवरची बंदी उठवली ती या सुधारणांनंतरच.

मात्र ५ जानेवारी २०२४ रोजी अलास्का एअरलाइन्सच्या मॅक्स ९ विमानाचे दाराच्या जागी बसवलेले झाकण हवेत उडाले, कारण ते धरून ठेवणारे चार बोल्ट कारखान्यात परत बसवलेच गेले नव्हते. आज्ञावली निर्दोष असली तरी असा हलगर्जीपणा तिला थांबवता येत नाही. त्यानंतर अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने, म्हणजे एफएएने, मॅक्सचे उत्पादन ऑक्टोबर २०२५ पर्यंत महिन्याला ३८ विमानांवर रोखून ठेवले, याने मला कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त धीर दिला.

मी उलव्यात राहतो. नवी मुंबई विमानतळ आमच्या दाराशीच आहे. अकासा या विमान कंपनीचा तर सगळा ताफा मॅक्सचाच आहे. शेजारच्या काकू तिकीट काढण्यापूर्वी "विमान कुठले?" असे विचारतात, तेव्हा त्यांना "घाबरू नका" एवढेच सांगणे मला पटत नाही, काय बदलले ते कंपन्यांनीच तिकिटाच्या पानावर सोप्या मराठीत द्यावे.