पुरुषाला 'देखणा' म्हणायचं की 'रुबाबदार'?

आमच्या वाचनालयात जुन्या मराठी नटांच्या फोटोंचं छोटं प्रदर्शन लावतोय, आणि प्रत्येक फोटोखाली दोन ओळी लिहायचं काम माझ्याकडे आलंय. डॉ. काशिनाथ घाणेकरांच्या फोटोखाली मी लिहिलं 'देखणा आणि गुणी नट', तर कमिटीतले एक काका म्हणाले देखणी बाई असते, पुरुष रुबाबदार असतो, ते बदलून टाक. मी अजून बदललेलं नाही, पण दोन दिवस डोक्यात तेच चालू आहे. कारण गंमत अशी की रवींद्र महाजनींच्या फोटोखाली मी काही विचार न करता 'रुबाबदार' लिहून टाकलं होतं. दोघंही दिसायला एक नंबर, दोघांवर लोकांनी जीव ओवाळून टाकला, मग माझ्या हातून शब्द वेगवेगळे का आले? आणि आई ज्याला त्याला 'राजबिंडा' म्हणते तो नेमका कुठे बसतो? सगळ्यांच्या खाली 'हँडसम' लिहून मोकळं व्हायचं नाहीये मला, म्हणून विचारतेय.

—

काकांना सांगा, देखणा बिनधास्त राहू दे. देखणं म्हणजे पाहणं, डोळ्यांदेखत, देखरेख, देखावा, देखवत नाही, सगळी त्यातलीच भावंडं. म्हणजे देखणा कोण, तर ज्याच्याकडे बघत राहावंसं वाटतं तो. ह्यात बाईपुरुष कुठून आलं? आपण अक्षराला देखणं म्हणतो, वाड्याला देखणा म्हणतो, पालखी सोहळ्याला म्हणतो, क्रिकेटमध्ये कव्हर ड्राइव्हसुद्धा देखणाच असतो. आणि मला ह्या शब्दात सगळ्यात आवडतं ते हे की तो नुसता त्या माणसाबद्दल बोलत नाही, बघणाऱ्याबद्दलही बोलतो. गोरापान, उंचापुरा, धारदार नाकाचा हे सगळं त्या माणसाचं वर्णन झालं, देखणा म्हटलं की आपले डोळेपण त्यात आले.

—

आमच्या कोल्हापुरात 'देखणा गडी' सर्रास म्हणतात, पैलवानालासुद्धा. त्यामुळं तो शब्द बायकी हे काय पटत नाही.

रुबाबदारचं सांगतो. रुबाब मूळ अरबीतनं आलेला, हिंदीत रोब म्हणतात तोच, अर्थ धाक, दरारा. म्हणून रुबाब चेहऱ्यात नसतो, उभं राहण्यात असतो, मान वळवण्यात, खुर्चीत बसण्यात असतो. 'मुंबईचा फौजदार' आठवा, 1984 चा. महाजनी खाकी वर्दीत नुसते दारातनं आत आले तरी घरातली पोरं टीव्हीपुढं सरळ बसायची, मी स्वतः बसलोय. चेहरा तर होताच, विनोद खन्नाशी तुलना काय उगीच नाही व्हायची, पण त्या वर्दीत जे दिसायचं त्याला देखणा म्हणून भागत नाही, तिथं रुबाबदारच पाहिजे. त्यामुळं ताई तुमच्या हातनं शब्द बरोबर आलेत दोन्हीकडं. आमची आजी त्यांचं चित्रपटातलं पहिलं दर्शन झालं की दोन्ही हातांची बोटं स्वतःच्या कानशिलावर कडाकडा मोडायची, टीव्हीकडं बघून, दृष्ट लागू नये म्हणून. पोटच्या पोराची काढावी तशी. नंतर 2023 ला ते गेल्याची बातमी आली तेव्हा मला पहिल्यांदा आजीची ती बोटं आठवली.

एक मात्र आहे, रुबाबाला वाईट बाजूपण आहे, 'रुबाब झाडतोय' म्हटलं की ती शिवी झाली. देखणेपण कुणाला झाडता येत नाही.

—

राजबिंडा हा वयाचा शब्द आहे असं माझं निरीक्षण आहे. विशी-तिशीतला, भरल्या अंगाचा, कांती असलेला. साठीच्या माणसाला कुणी राजबिंडा म्हणत नाही, 'तरुणपणी राजबिंडा होता हो' असं म्हणतात. रुबाबदार उलट वयाबरोबर वाढतो, कानाजवळ केस पांढरे झाले की अजूनच. आणि बाईला रुबाबदार म्हणतो आपण, पण राजबिंडी म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही कधी.

—

मग 'चिकणा'? आमच्या मुंबईत तर हिरो म्हटला की चिकणा.

—

चिकणा म्हणजे गुळगुळीत हो, संस्कृत चिक्कण. चिकणमाती, चिकणी सुपारी, तोच शब्द. तुकतुकीत गालांचा, मिसरूड फुटलेलं नसलेला. प्रदर्शनात नको, त्यात थोडी छेड काढल्याचा सूर असतो.

—

चर्चा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. पुरुषाच्या रूपाचं कौतुक करायला मराठीला कधीच लाज वाटलेली नाही, हे काकांना जरूर सांगा. 'सुंदर ते ध्यान' आपण रोज म्हणतो ते कुणाबद्दल? आणि त्याच तुकोबांचा 'राजस सुकुमार मदनाचा पुतळा' घ्या. सुंदर, सुकुमार, राजस, आज आपल्याला फक्त बायकांसाठीचे वाटतात ते शब्द विठ्ठलाला लावलेत, आणि 'मदनाचा पुतळा' तर आजही देखण्या पोराला म्हणतात. त्यात तो घननीळ सावळा आहे, म्हणजे देखणा म्हणजे गोरा हे समीकरण निदान तिथे तरी नाही. पण मला खरी भिडते ती शेवटची ओळ, सगळ्याजणी एका बाजूला व्हा गं, 'तुका म्हणे जीवा धीर नाही'. गर्दीत टाचा उंचावून, पुढचीच्या खांद्यावरून बघायची जी धडपड असते ना, ती अख्खी त्या ओळीत आहे. मी कॉलेजात असताना घाणेकरांच्या नाटकाला गेले होते, प्रयोग संपल्यावर आम्ही मुली मागच्या दाराशी उभ्या, कुणी वही घेऊन, कुणी नुसतीच, आणि ते बाहेर आले तेव्हा पुढच्या मुलीच्या दोन वेण्यांच्या मधून मला फक्त एक खांदा आणि शर्टाची दुमडलेली बाही दिसली. तेवढ्यावर आठवडाभर पुरलं. जीवा धीर नाही म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं.

आणि डॉक्टरांबद्दल शब्दांचीच चर्चा चाललीय तर एक शब्द राहिलाच. नाटकाच्या जाहिरातीत सगळ्यांची नावं संपली की शेवटी यायचं 'आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर'. विशेषण नाही, बिरुद नाही, एक साधं उभयान्वयी अव्यय. शाळेत 'आणि' म्हणजे दोन शब्द जोडणारा, त्याला स्वतःचं वजन नसतं असं शिकलो आम्ही. त्या 'आणि'नंतरच्या तीन टिंबांत अख्खं थिएटर श्वास रोखून थांबायचं.

—

वरच्या प्रतिसादाला मनापासून हात जोडले.

आता 'गुणी'बद्दल. मला तो घाणेकरांसाठी फार मवाळ वाटतो, गुणी बाळ असतं. 1962 मध्ये 'रायगडाला जेव्हा जाग येते' मधला त्यांचा संभाजी, मग 'अश्रूंची झाली फुले' मधला लाल्या, आणि 'पाठलाग', 'मधुचंद्र', 'हा खेळ सावल्यांचा' हे चित्रपट, ह्याला गुणी पुरत नाही. कुणी 'चतुरस्र' सुचवेल, तर तो लिहिताना सांभाळा, निम्मी वर्तमानपत्रं 'चतुरस्त्र' छापतात. अस्त्र नाही, अस्र, म्हणजे कोन. चारी कोनांनी नीट असलेला. 'हरहुन्नरी' पण छान आहे, पण तो मला जो गातो, नाचतो, विनोदही करतो त्याला जास्त शोभतो असं वाटतं. 'कसलेला' म्हणजे मेहनतीने तयार झालेला, जमीन कसतात, अंग कसतात, तसा, तो साठी उलटलेल्या नटाला बरा.

आणि मला जे खरंच खुपतं ते सांगतो. देखण्या नटाबद्दल लिहिताना लोक हमखास 'पण' घालतात. देखणा होता पण अभिनयही चांगला करायचा. देखणा असूनही गुणी. हे 'असूनही' कशासाठी? जणू चेहरा ही अभिनयातली अडचण आहे. संभाजीचा संताप त्या चेहऱ्यावर यायचा म्हणून तो तसा लागायचा ना? डोळे, आवाज, चाल हेच नटाचं सामान, ते वेगळं काढून उरलेला अभिनय मोजायचा कसा? तुम्ही मूळ ओळीत 'आणि' लिहिलंय ते मला फार बरं वाटलं, ते काही झालं तरी बदलू नका.

—

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काकांना सगळं वाचून दाखवलं, अभंगापाशी ते थांबले आणि म्हणाले परत वाच. मग देखणा राहिला. महाजनींच्या खाली 'रुबाबदार' तसाच ठेवलाय, फक्त पुढे वर्दीचा उल्लेख घातला.

घाणेकरांच्या ओळीत मात्र एक बदल केला. काल फोटो फ्रेममध्ये बसवताना लक्षात आलं की तो ब्लॅक अँड व्हाइट आहे. आई, मावशी, समोरच्या काकू, ज्या ज्या बायकांना मी घाणेकरांबद्दल विचारलं त्या आधी डोळ्यांवरच आल्या, आणि फोटोत डोळ्यांचा रंगच नाही. नुसते फिकट करडे दिसतात. आजच्या मुलांना ते कळणार कसं? तेव्हा आता ओळ अशी आहे: 'देखणा आणि तयारीचा नट. डोळे घारे.' मांजरे नाही लिहिलं, मांजरे म्हणतो तो ज्याला तो माणूस आवडत नाही. रंग फोटोत नाही म्हणून शब्दात दिला.

'तयारीचा' बरोबर आहे ना? गाणाऱ्याला म्हणतात तयारीचा, नटाला चालेल का? उद्या सकाळी प्रिंट काढायचीय.

—

चालेल. धावेल.